रात्रीचं फूल आणि जागा माळढोक

केळव्याच्या होमस्टेवाल्यांना भिंतीवर समुद्र नको असतो, तो खिडकीतून फुकट दिसतो. त्यांना वाळवंट हवं. म्हणून मी, जन्मात वाळवंट न पाहिलेली बाई, बोईसरच्या दोन खोल्यांत बसून फोनवरचे फोटो बघत माळढोक आणि निवडुंग रंगवते.

माझ्या चित्रांसाठीच नवऱ्याने उमरोळीच्या मित्राकडून ब्रह्मकमळाचं पान आणून कुंडीत खोचलं. तेही निवडुंगच, रात्री फुलणारं. पण नवऱ्याची कारखान्यात कायमची रात्रपाळी. सकाळी तो घरी येईपर्यंत फूल मान टाकून लोंबत असायचं. यंदा एकच कळी धरली. "या टायमाला मला दाखव हां. चहाच्या सुट्टीत गेटवर येऊन व्हिडिओ कॉल करतो," असं तो रोज बजावत होता.

कळी उमलली. शेजारणी हळदकुंकू वाहून गेल्या आणि मी दिवा लावून रंगवायला बसले. पाकळ्यांवरची सावली नुकती कुठे जमू लागली होती, तोच फोन वाजला. त्याचाच. मला राग आला, अगदी खराखुरा राग. मी कट केला. परत वाजला, परत कट केला आणि फोन पालथा घातला. फूल काही रोज फुलत नाही, असं मनाशी म्हटलं. त्यानेही त्यासाठीच फोन केलाय, हे मात्र डोक्यात शिरू दिलं नाही.

सकाळी तो डबा हातात घेऊनच कुंडीपाशी गेला. लोंबणारं फूल दोन बोटांनी उचलून सरळ धरलं.

"रात्री फोन लागला नाय. रेंज नसेल तुज्याकडे."

कट केलेला कॉल कसा दिसतो, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चित्र पुढे केलं.

तो बराच वेळ बघत राहिला. काळोखात पांढरं फूल आणि त्याच्याकडे मान उंच करून बघणारा माळढोक.

"हा पक्षी रातचा झोपत नाय?"

"झोपतो. चित्रात चालतं."

"यानं तरी बगितलं," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

दुपारी होमस्टेवाल्याचा फोन आला, चित्र कधी न्यायला येऊ म्हणून. तो मात्र मी पहिल्या रिंगला उचलला. "अजून ओलं आहे," असं त्याला सांगितलं आणि सुकलेलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं.