आत दुमडलेला काठ

तिनं माझ्या गाऊनचा घेर खालून धरला आणि गुडघ्यापर्यंत उचलून उलटा करून दाखवला.

"बघा. मी म्हटलं होतं ना? काठ आत दडवलाय. दादाच्या लग्नात कामाच्या बायकांना वाटल्या, त्यातली साडी आहे ही."

सभागृहामागची खोली. बारावीचा निरोप समारंभ सुरू व्हायला थोडाच वेळ होता. कुणी लिपस्टिक लावत होतं, कुणी सेल्फी काढत होतं. सगळ्या वळल्या. एकीनं मोबाईल माझ्या पायांकडं धरला. जुन्या चादरीचं फुलाफुलांचं अस्तर सगळ्यांना दिसत होतं. तिचा हात धरावा, निदान घेर खाली ओढावा, एवढंही मला सुचलं नाही. माझे हात नुसते लोंबत राहिले.

एक हसली. मग सगळ्याच हसल्या.

ती ऋतुजा. फलटणजवळ त्यांचा नजर पोचणार नाही एवढा ऊस. माझी आई त्यांच्या बंगल्यावर भाकरी थापते, भांडी घासते. ऋतुजा आणि मी एकाच वर्गात, एकाच वयाच्या. पण आई तिला 'ताईसाहेब' म्हणते आणि ती आईला 'ए शालन' म्हणते. लहान होते तोवर मला यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्यांच्याकडं लग्न निघालं की पाहुण्यांचे आहेर वेगळे आणि कामाच्या बायकांचे वेगळे. बायकांसाठी साड्यांचा गठ्ठा येतो. एकच रंग, एकच काठ. आठवडी बाजारात नुसत्या साडीवरून कळतं, कुठली बाई कुणाच्या घरी राबते. कळपात कुणाचं मेंढरू कुठलं ते ओळखू यावं म्हणून पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, तसंच. आम्ही धनगर, आटपाडीकडून मेंढरं घेऊन इकडं आलेले. ही खूण आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

त्या लग्नातली साडी जांभळी होती. अंगावर बारीक बुट्टी, काठावर सोनेरी मोर. आईनं तिची घडीसुद्धा मोडली नव्हती. "तूच घे. मला कुटं मिरवायचं हाय?" म्हणाली.

समारंभाला मुलींनी गाऊन घालायचं ठरलं होतं. बाकीच्या पुण्याहून, बारामतीहून आणणार होत्या. मला तर सूत्रसंचालन करायचं होतं. आवाज चांगला म्हणून मॅडमनी निवडलं होतं. त्याआधी मी स्टेजवर चढले होते ती खुर्च्या मांडायला. हा एक दिवस मला हवा होता. लय हवा होता.

आत्याकडं जुनं पायमशीन आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघत, आधी वर्तमानपत्रावर कापून बघत मी शिवायला बसले. पहिला गळा एवढा मोठा झाला की आत्या म्हणाली, "आगं, ह्यातनं तू न्हाई, आख्खं मेंढरू भाईर यील." बाही उसवली, परत लावली. कमरेला बारीक चुन्या धरल्या. अंगात घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा स्वतःवरच खूश झाले. मग लक्ष खाली काठाकडं गेलं. हे मोर बघितले की अख्खं फलटण ओळखणार. काठ मी आत दुमडला आणि हातानं तुरपाई घातली, बाहेरून टाका दिसणार नाही अशी.

"येवढा चांगला काठ आत का घालतीस?" आत्यानं विचारलं.

"फॅशन हाय."

साडी चांगली होती, आईचं कामही चोरीचं नव्हतं. लाज मात्र वाटत होती. ती साडीबरोबर त्या गठ्ठ्यातूनच आमच्या घरी आली होती.

गठ्ठ्यातल्या साडीकडं कोण निरखून बघतंय, असं मला वाटलं होतं. पण साड्या घ्यायला ऋतुजा स्वतः तिच्या आईबरोबर दुकानात गेली होती. तिला ती बुट्टीसुद्धा पाठ होती.

"ऋतुजा, पुरे आता," दारात आलेल्या मॅडम म्हणाल्या. मला हायसं वाटलं. मग त्या माझ्याकडं वळल्या. "तू आज मागंच थांब. माईक ऋतुजा घेईल. तिच्या पप्पांच्या हस्ते बक्षिसं आहेत, उगाच वाद नको."

घेर तिनं उचलला. वाद माझा झाला. आणि मागं मीच थांबायचं. रडू येईल असं वाटत होतं, पण डोकंच सणकलं.

बाथरूममध्ये गेले, कडी लावली. नवी शिलाई कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून पर्समध्ये सुई, दोरा आणि ब्लेड ठेवलं होतं. ब्लेड घेतलं आणि तुरपाई उसवत गेले. मन लावून घातलेले टाके, एकेक. काठ खाली सुटला. दुमडून दुमडून चुरगळलेले मोर बाहेर आले. घेर चार बोटं लांब झाला आणि फरशीवर लोळायला लागला. लोळू दे म्हटलं.

तशीच स्टेजवर गेले. ऋतुजा माईकपाशी उभी होती, हातात मीच लिहिलेलं निवेदन.

"दे इकडं."

माझ्या तोंडाकडं बघून तिनं ते दिलं. मी माईकवर बोलले ते असं:

"नमस्कार. माझ्या अंगावर कामाच्या बायकांना वाटलेली साडी आहे. माझी आई कामाची बाई आहे. तिच्या हातच्या भाकरी या सभागृहात बऱ्याच जणांनी खाल्ल्या असतील. गाऊन मी शिवलाय. आता कार्यक्रम सुरू करू."

टाळ्या पडल्या नाहीत. पहिल्या रांगेत तिचे पप्पा मोबाईलमध्ये बघत राहिले. शेवटच्या आभारांपर्यंत माईक मी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून निरोप आला. पोरीला घेऊन ये, माफी मागू दे.

"चल," आई म्हणाली. "ताईसाहेबांपुडं दोन शबुद बोल आन् मोकळी हो. मला तितं रोज जायाचं हाय."

"माझं काय चुकलं, ते सांग."

आईनं पायात चपला सरकवल्या. मग म्हणाली, "चुकलं न्हाई. पर पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर करू न्हाई, बाई."

"मी न्हाई यायची."

ती एकटी गेली. माझ्या वाटची माफी मागून आली. ते मला अजून गिळता आलेलं नाही. आईवर मी चिडले नाही. चीड आहे ती तिला वाकवून वर "आमच्या मनात काही नाही हं" म्हणणाऱ्यांची.

आता मी साताऱ्यात शिकते. सुट्टीत घरी आले की आत्याच्या मशीनवर वस्तीतल्या पोरींचे ड्रेस शिवते. कापड बहुतेक गठ्ठ्यातलंच असतं. एखादी हळूच म्हणते, "ताई, काठ आत घाल की. कुनीतरी वळखंल."

मी घालत नाही. आत घालायचा असेल तर दुसरीकडं शिवून घे, म्हणते. पोरी रुसतात, मग कळतं तेव्हा पुन्हा येतात. काही येतही नाहीत.

पाठीवरचा पट्टा मेंढराला पुसता येत नाही आणि कुणी ओढला तेही सांगता येत नाही. मला सांगता येतं. मी सांगणार.

त्या दिवशी माझे हात लोंबत राहिले होते. पुन्हा कुणी माझ्या, नाहीतर मी शिवलेल्या घेराला हात घातला, तर तो हात मी मनगटापाशी धरणार. आणि समोरची माझ्या आईला 'अहो' म्हणेपर्यंत सोडणार नाही.