खुनी ओळखला तो शनिवार

दादा, सातारा स्टँडवर एसटी हलली तेव्हा आई खिडकीशी येऊन म्हणाली होती, "तिकडं कुणीतरी आपलं भेटेल बघ." लग्नाला महिना झाला होता. ह्यांची बँकेची बदली जबलपूरला, आणि माझं हिंदी शाळेच्या पुस्तकापुरतं.

जबलपूरच्या गढा भागात विमलकाकूंच्या घरातल्या वरच्या खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. काकू मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. "काहून अशी गप्प बसून राहिली वो?" असं त्यांनी विचारलं, तर ही आपलीच भाषा का, तेच मला कळेना. बाजारात तोंड उघडायची भीती. शेवटी पीसीओवरून तुला फोन केला, मला घेऊन जा म्हणून. कारण सांगितलं नाही, कारण तसं काही घडलंच नव्हतं. नुसतं एकटं वाटत होतं.

पुढची हकिगत तुला मी कधी नीट सांगितलीच नाही. तू येण्याआधीच्या शनिवारी काकूंनी मला टीव्ही बघायला ओढून खाली नेलं. अर्धी गल्ली तिथे जमलेली. मालिकेत एका श्रीमंत विधवेचा खून झाला होता आणि सगळ्यांचा संशय तिच्या पुतण्यावर. मला संवाद निम्मेही कळत नव्हते, म्हणून मी माणसांचे हात बघत बसले. डॉक्टर म्हणत होता, या घरात मी पहिल्यांदाच येतोय. पण अंधाऱ्या जिन्यात त्यानं न चाचपडता दिव्याचं बटण दाबलं.

जाहिराती लागल्या तशी मी म्हटलं, "डॉक्टरने मारा है." सगळे हसले. काकूंचे यजमान मला समजावू लागले, की डॉक्टरच तर सगळ्यात सज्जन आहे. शेवटी बेड्या पडल्या त्या डॉक्टरलाच. काकूंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला! दुसऱ्या दिवशी भाजीवाला भैयासुद्धा विचारत होता, "दीदी, कैसे पकड़ा?" त्याला सगळं सांगताना मी चुकतमाकत कितीतरी वेळ हिंदी बोलले, आणि घरी आल्यावर ते माझ्या लक्षात आलं.

तू आलास तोही शनिवारच. माझी बॅग भरलेली. काकू तुला म्हणाल्या, "भैया, आजचा एपिसोड पाहू द्या हिला. मग न्या." तूही बसलास. तू माळ्याला खुनी ठरवलंस, मी मोलकरणीला, आणि दोघंही चुकलो. गल्लीनं आपली यथेच्छ टिंगल केली. सकाळी तू विचारलंस, "निघायचं ना?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू." तू माझ्या हातची पोहे-जलेबी खाल्लीस आणि एकटाच परत गेलास.

आता काकू नाहीत. हे रिटायर झाले, आम्ही नेपियर टाऊनमध्ये फ्लॅट घेतला. परवा लेकीनं तो डॉक्टरचा एपिसोड मोबाइलवर शोधून दिला. "मम्मी, सेट तो हिल रहा है," म्हणून ती हसत सुटली. मी तिला गप्प केलं आणि शेवटपर्यंत पाहिला.

जबलपूरहून निघताना मी शेजाऱ्यांना 'येते' म्हणते. साताऱ्याहून निघताना एकदा सहज तोंडातून गेलं, "आई, घरी जाते." म्हटल्यावर वाटलं, तिला लागेल. तिनं माझा पदर सारखा केला आणि म्हणाली, "सावकाश जा. घरी पोचलीस की फोन कर."