मॅडमच्या उंदरांची पंगत

"कशाच्या मानानं?" असं म्हणून मॅडम भुवया वर करायच्या. आज लई उकडतंय, असं कुणी नुसतं म्हणायचा अवकाश. एकदा त्या आमच्याकडे जेवायला आल्या. तांबडा रस्सा वाढून बायकोनं विचारलं, "तिखट झालाय का हो?" मॅडमनी उत्तर देण्याआधी तोच रस्सा बिनतिखटाचा मागितला. तिनं पांढरा पुढे केला, तर म्हणाल्या, "हा नाही चालायचा. यात खोबरं जास्त आहे. फरक एकाच गोष्टीचा पाहिजे." बायको महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

तुमच्याही पाहण्यात असं एखादं माणूस असेल. आमचं माणूस मंगळवार पेठेत, आमच्याच गल्लीत एकटं राहायचं आणि मी गणित शिकवत होतो त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं. नव्वदच्या दशकात कॉलेजातली उंदरांची खोली गळायला लागली, तेव्हा मॅडमनी पिंजरे रिक्षात घालून घरी आणले.

गल्लीला कारण कळायला हवं, म्हणून त्यांनी शेजारच्या अक्कांना आपला विषय समजावून सांगितला. अक्कांच्या गोठ्यात म्हशी होत्या, गल्लीला दूध त्यांचंच. मॅडम म्हणाल्या, "गर्भ वाढत असताना पेशीत सारखे निरोप फिरत असतात. त्यांना आरएनए म्हणतात. एक एन्झाइम त्या निरोपांवर मिथाइलचा बारीकसा ठिपका लावतं."

"लग्नपत्रिकेला हळदीकुंकू लावत्यात तसं?"

"अगदी तसंच!" मॅडम खूश झाल्या. "आणि न लावता पत्रिका गेली तर?"

"लगीन व्हईल की. मानसं नावं ठिवतील, एवढंच."

"लग्न होतं की नाही, तेच तर बघायचंय मला."

त्या दिवसापासून उंदरांची जबाबदारी गल्लीनं घेतली. गोंगाट झाला की उंदरीण आपलीच पिल्लं खाते हे कळल्यावर तालमीतल्या पोरांनी स्पीकरचं तोंड भिंतीकडे फिरवलं. दिवाळीत आमच्याकडे म्हशी सजवून गाडीमागून पळवतात. गाडी फाटक्या आवाजाची लागते, त्या आवाजामागेच म्हैस धावते. अक्कांच्या थोरल्यानं मॅडमच्या दारापाशी येताच इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत पुढे नेली. आवाज गेला तशा म्हशी तिथंच थांबल्या. शिंगं रंगवलेल्या म्हशी तासभर मॅडमच्या खिडकीतून आत बघत होत्या, आणि त्यांना हाकलायलाही कुणी ओरडेना.

मॅडमची निवृत्ती जवळ आली होती. त्या एन्झाइमला अडवणारं औषध खूप खटपटीनंतर परदेशातून एकदाच मिळालं. डाव्या पिंजऱ्यातल्या गाभण उंदरिणींना औषधाचं निळं पाणी, उजव्या पिंजऱ्यातल्यांना साधं. डावीकडे पिल्लं झाली नाहीत आणि उजवीकडे झाली, तर मॅडमच्या आयुष्यभराच्या कामाला काही अर्थ होता. नेमकं तेव्हाच बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना पुण्याला जावं लागलं. मी उंदरांना भितो, म्हणून किल्ली अक्कांकडे गेली.

मॅडम परतल्या तेव्हा गल्लीत बारशाच्या घुगऱ्या वाटणं चाललं होतं. "बाळंतिनी सुखरूप हायती सगळ्या!" अक्कांनी बातमी दिली. मॅडमनी दोन्ही पिंजरे पाहिले. दोन्हीकडे पिल्लं होती, सारखीच थोडी आणि सारखीच मरतुकडी.

"अक्का, निळं पाणी कुणाला दिलंत?"

"सगळ्यास्नी! दोनी पानी बादलीत एक केलं आनि पळीनं वाडलं. एका पंगतीत एकीला रंगीत आनि एकीला साधं? तुमच्या दारात पंक्तिप्रपंच? गावानं तोंडात श्यान घातलं असतं की तुमच्या!"

तुलनेला काही उरलंच नव्हतं. मॅडमनी बादली उचलून कोपऱ्यात ठेवली. मग त्यांनी ताटलीतल्या घुगऱ्या घेतल्या, बसून सगळ्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "मीठ छान पडलंय."

संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन त्या रडल्या. मला अक्कांचा असा संताप आला होता, की मी चपला घालून उठलोच. "त्यांना सांगतो, काय करून ठेवलंय ते."

मॅडमनी माझा हात धरला. "आणि काय सांगाल? पोटुशींना स्वतःच्या हातानं विष पाजलंत, असं? त्यांना अजून रोज त्याच हातानं अख्ख्या गल्लीला दूध घालायचंय. बसा खाली."

मी बसलो. मॅडम निवृत्त झाल्या, उंदीर कॉलेजात परत गेले, आणि त्या एन्झाइमबद्दल कुणी बोलेनासं झालं. काही वर्षांनी मॅडमही गेल्या. त्यानंतर तिकडे परदेशात ते सिद्ध झालं म्हणतात. तो ठिपका पडला नाही, तर उंदराचा गर्भ पुढे वाढतच नाही. मी वाचलं तेव्हा सांगायला घरात बायकोच होती. ती म्हणाली, "बाई बरोबरच होत्या की मग," आणि डोळे पुसले.

अक्का आता थकल्या आहेत. मॅडमचा विषय निघाला, की अजून मान ताठ करतात.

"लई इस्वास हुता माज्यावर त्येंचा. घरची किल्ली दिल्ती मला. इचारा कुनालाबी, एका उंदराला कमी-जास्त केलं न्हाय मी."

"व्हय, अक्का," मी म्हणतो.