मिलकाने काहीच खोडलं नाही

मिलका गेल्याचा निरोप तिच्या मुलाने पाठवला, इंग्रजीत. बहारीनमध्ये, मनामातल्या नईम वस्तीतल्या आमच्या घरी मी तेव्हा मासे साफ करत होते. हात धुऊन पुन्हा वाचला... आणि रडू येण्याआधी राग आला. केवढं लिहायचं राहिलं होतं तिचं.

रेवदंड्याला आमच्या दोन घरांत एकच कुंपण होतं. ते बेने इस्रायल, कोकणातले ज्यू; आम्ही कोकणी मुसलमान. भांडायला भाषा मात्र एक. मॅट्रिक झाल्यावर तिचं कुटुंब इस्रायलला गेलं. तिथे ती वृद्धाश्रमात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी कथा लिहायची, मराठीत. हिब्रूत लिही, इथे मराठी वाचणार कोण, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. मला फोनवर म्हणाली, "माझी माणसं ज्या भाषेत भांडतात, त्याच भाषेत मी लिहिणार."

तिची सगळ्यात गाजलेली, खरं तर सगळ्यात शिव्या खाल्लेली कथा एका अरब बाईची. मिलकाबरोबर म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलणारी ही बाई एकदा रस्त्याने जाताना तिला आपल्या आजीचं घर दाखवते; आता त्यात दुसरंच कुटुंब राहत असतं. कथा छापून आल्यावर तिथल्या मराठी शेजारणींनी मिलकाशी बोलणं टाकलं. पुढच्या संग्रहात तिने तीच कथा पहिली ठेवली.

इस्रायलहून इथे थेट विमानं सुरू झाल्यावर ती माझ्याकडे बहारीनला आली. इथल्या मराठी मंडळींनी तिचं कथावाचन ठरवलं. संयोजक पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, भले गृहस्थ. ओळख करून देताना 'मूळच्या कोकणातल्या' एवढंच म्हणू, देशाचं नाव नको आणि ती कथा तर नकोच, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सुचवलं. मी ते मिलकाच्या कानावर घातलं. तिने ऐकून घेतलं. मग माइकसमोर उभी राहून म्हणाली, "मी रेवदंड्याची. राहते इस्रायलमध्ये. लिहिते मराठीत. यातलं काहीच मी खोडणार नाही." आणि तीच कथा वाचली. काही जण उठून गेले. ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी झल्लाकच्या किनाऱ्यावर मी विचारलं, भीती नाही वाटत?

"वाटते ना. पण गप्प बसून ती कमी झालेली मी कधी पाहिली नाही."

ती वारल्यावर शोकसभेसाठी मी त्याच मराठी मंडळींकडे सभागृह मागितलं. सध्या वातावरण बरं नाही, असं उत्तर आलं. मग मी सगळ्यांना आमच्याच बैठकीच्या खोलीत बोलावलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक जमिनीवर बसले... माझी मुलगी, एरवी मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी, ती कथा वाचू लागली. प्रत्येक 'ळ'ला अडखळत. अरब बाई मिलकाच्या देशाला तिच्या तोंडावर शिव्याशाप देते, तिथे पोरगी थबकली.

"अम्मी, हे स्किप करू?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "अक्षर न् अक्षर वाच."

तिने वाचलं. आता दर महिन्याला आम्ही त्याच खोलीत जमतो, मिलकाची एक कथा वाचतो. कुणाला विचारायला जात नाही.