उपरणं ठेवलेली जागा

पनवेलला आगगाडी आली याचा आनंद साऱ्या गावाला झाला, पण आमच्या अण्णांना झाला तो वेगळ्याच कारणानं. माझे वडील एके काळी पनवेल-ठाणे सर्व्हिस मोटारीचे एजंट होते. सरकारनं एसटी आणली, खासगी मोटारी बंद पडल्या आणि अण्णा किराणा दुकानात पुड्या बांधायला लागले. तेव्हापासून एसटी त्यांची वैरीण. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या पायरीवर पाय ठेवला नाही आणि आम्हालाही ठेवू दिला नाही. लग्नकार्याला जायचं तर ओळखीच्या ट्रकमधून, पोत्यांवर बसून. आता म्हणायला लागले, "आली हिची सवत! बघू कशी मिरवते ती." आम्ही घरात हसायचो. हसायला नको होतं.

त्याच सुमारास ठाण्याच्या एका अध्यापिका विद्यालयातून मला मुलाखतीचं पत्र आलं. मूळ प्रमाणपत्रं घेऊन बाराच्या आत हजर राहावे, नंतर विचार केला जाणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मला शिक्षिका व्हायचं होतं. दुसरं काही व्हायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी म्हटलं, सकाळच्या एसटीनं जाते, थेट ठाण्याला उतरेन. अण्णा म्हणाले, "दाराशी आगगाडी असताना? लोक काय म्हणतील?" लोक काहीही म्हणणार नव्हते.

टांगा करून आम्ही स्टेशनवर गेलो. अण्णांनी खिडकीजवळची जागा निवडली, तिथं माझी पिशवी ठेवली आणि वर आपलं उपरणं पसरलं. पिशवीत प्रमाणपत्रं, पत्र, पैसे, सगळं होतं. मग मला म्हणाले, "चल खाली. आत उकडतंय."

मोटारीच्या काळात ही रीतच होती. पुढच्या बाकावर अण्णांचं उपरणं दिसलं की ड्रायव्हर हँडल मारत नसे. अण्णा चहा पिऊन, पान लावून, चार जणांची विचारपूस करून सावकाश यायचे आणि मग मोटार हलायची. हे मला ठाऊक होतं, आणि आगगाडीला अण्णांचं उपरणं ओळखता येत नाही हेही ठाऊक होतं. तरी मी उतरले. "अण्णा, गाडी सुटेल," एवढंच म्हटलं. "आपल्याला टाकून जाते कुठं?" म्हणाले, आणि बाहेर टांगेवाल्यांना एसटीचे दिवस कसे भरले ते सांगत बसले.

शिट्टी झाली. आम्ही धावत फलाटावर आलो तोवर गाडी हलली होती. अण्णांनी हात वर केला, मोटार थांबवायला करायचे तसाच. शेवटचा डबा पुढून गेला तरी हात वरच होता. भाजीच्या पाट्या घेऊन दुसऱ्या गाडीसाठी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आता नाय थांबायची ती, बाबा. हात खाली कर."

परत येताना टांगा एसटी स्टँडवरून गेला. ठाण्याची गाडी लागलेली होती. निम्मी रिकामी. कंडक्टर "ठाणे, ठाणे" ओरडत होता. मी म्हटलं, "अण्णा, हिनं जाते. वेळेत पोचेन. हातापाया पडून सांगेन, प्रमाणपत्रं मागाहून आणते म्हणून. तिकिटापुरते पैसे द्या."

अण्णांनी स्टँडकडे बघितलंसुद्धा नाही. टांगेवाल्याला म्हणाले, "हाक."

उडी मारायला हवी होती. कंडक्टरला सांगितलं असतं तर त्यानं एखाद्या वेळेस नेलंही असतं. मी मुकाट्यानं बसून राहिले, आणि याचा राग आजही अण्णांवरच्या रागाहून काकणभर जास्तच येतो.

संध्याकाळच्या गाडीनं गार्डानं पिशवी परत आणली. वर उपरणं नीट घडी घालून ठेवलेलं. मुलाखती केव्हाच संपल्या होत्या. विद्यालयाला मी पत्र लिहिलं, त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: जागा भरल्या आहेत. अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी काय बघायचं ते त्यांनी आधीच ठरवलं होतं.

तोवर पेठेत मात्र त्यांचं एकच सांगणं चालू होतं. "पिशवीतली काडी हलली नाही! आणि गाडी कशी, घड्याळ लावून घ्यावं अशी सुटली. एसटीला जमेल?" ऐकणारे मान डोलवायचे. गाडी कुणाला टाकून सुटली, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही.

प्रमाणपत्रं वाया गेली असं मात्र कुणी म्हणू नये. पुढच्या वैशाखात मला बघायला पाहुणे आले, तेव्हा अण्णांनी ती पोह्यांच्या बशांबरोबर त्यांच्यापुढे ठेवली.