डावखुरी बंदूक

एइला उत्तरेकडच्या कुहमो गावातल्या शाळेत स्वयंपाक करायची आणि गेली बावीस वर्षं गावच्या शिकारी टोळीबरोबर मूस या घोड्याएवढ्या हरणांच्या मागे रानात जायची. वापरायची ती नवऱ्याची बंदूक. एइला डावखुरी, बंदूक उजव्या हाताची. दर बारानंतर हात पलीकडे नेऊन, बोल्ट ओढून पुढची गोळी भरेपर्यंत जनावर पसार. नवरा गेला, साठी जवळ आली, तेव्हा तिनं ठरवलं, आता आपल्या हाताची घ्यायची.

उन्हाळाभर दुकानं पालथी घातल्यावर दोन वापरलेल्या बंदुका मनात भरल्या, दोन्ही गावातल्याच एका दुकानात. एक उजवी, नव्यासारखी, पण जड. दुसरी डावी, हलकी, अक्रोडाच्या दस्त्यावर लांबट ओरखडा. ती खांद्याला लावताच एइलाला हसू आलं. इतकी वर्षं दुसऱ्याचे बूट घालून चालावं आणि एकदम आपले मिळावेत, तसं.

"घाई नको," रेइयो म्हणाला. हा टोळीचा म्होरक्या आणि नवऱ्याचा जिवलग. शवपेटीला पहिला खांदा त्यानंच दिला होता. "जुनी नळी नुसती बघून कळत नाही, बार काढून बघावे लागतात. तुझा खांदा दुखावलाय ना? मी बघतो."

दोन दिवसांनी त्यानं तिच्या टेबलावर निशाणाचे दोन कागद ठेवले. उजव्या बंदुकीची पाच भोकं एकमेकांना चिकटून, डावीची चहूकडे पांगलेली.

"नळी झिजलीय गं. जनावर जखमी होऊन पळेल, रक्ताचा माग काढत बसशील."

एइलाला वाईट वाटलं, पण तिनं जड बंदूक घेतली. रेइयोच्या शब्दावर शंका घ्यायचं मनातही आलं नाही.

ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला. शेकोटीवर सॉसेजं भाजत होती. रेइयोचा नवा जावई सामुली पहिल्यांदाच आला होता. त्यानं बंदूक बाहेर काढली, आणि एइलाला तो ओरखडा दिसला.

"डावखुरा आहेस?"

"हो ना! सासऱ्यांनी लग्नात दिली. म्हणाले, अशी नळी शोधून सापडायची नाही."

रेइयो शेकोटीतली लाकडं उगाच सारखी करत राहिला.

"पाच बार काढू दे मला," एइला म्हणाली. वाळूच्या खाणीत पुठ्ठा लावला. सगळी टोळी बघत होती. पाचही गोळ्या काडेपेटीएवढ्या जागेत बसल्या. तिनं बंदूक रिकामी करून सामुलीच्या हातात दिली.

"रेइयो, जावयासाठी पाहिजे म्हणाला असतास तर मी सोडली नसती का?"

"तुला काय, कुठलीही चालली असती. इतकी वर्षं चालवलीसच की."

हे बोलताना त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

एइलानं आपल्या शिकारी कुत्र्याला गाडीत घातलं आणि ती निघून आली. रविवारी सामुली बंदूक घेऊन दारात उभा राहिला, कानापर्यंत लाल झालेला. तिनं त्याला कॉफी पाजली, गोड पाव दिला आणि बंदुकीसकट परत पाठवलं. "तुझा काय दोष, पोरा? पण मला ती नको."

पुढच्या हंगामापासून ती तळ्यापलीकडच्या टोळीत जाऊ लागली. तिथं तिला मान होता, दबा धरायला चांगली जागाही मिळाली. रेइयो दुकानात भेटला तर मान हलवायची, बोलायची नाही. अवघड एकच गोष्ट होती. नवऱ्याचं तरुणपण पाहिलेला, त्याचे किस्से सांगून तिला हसवणारा रेइयो गावात एकटाच उरला होता. आता ते किस्सेही तिला खरे वाटेनात.