ह्यांचं म्हातारपण

वडिलांचा आमच्याकडे एकच फोटो. पलटणीत भरती झाल्यावर काढलेला, नुकतं मिसरूड फुटलेल्या वयातला. मी पाळण्यात असताना ते सीमेवर गेले ते परत आलेच नाहीत. कुंडलच्या घरात तो फोटो हार घालून टांगलेला, आणि अलीकडे आईला त्याचाच घोर लागला होता.

"मी गेल्यावर माजा फोटू ह्यांच्याशेजारीच लावशील न्हवं? ह्ये असं कवळं, न् मी ही अशी. येणारंजाणारं म्हनंल, म्हातारीचा नातू हाय. त्यास्नी कुणाकडनं तरी म्हातारं करून आण. माजी नजर हाय तवर."

नजर खरंच चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. मोबाईलवर म्हातारं करून दाखवलं, तर म्हणाली, "ह्यो कोन आनि?"

मग विश्रामबागेतल्या इंग्रज बाईंचं कळलं. विलायतेत त्यांनी जन्मभर माणसांचे चेहरे रंगवले, न्यायाधीशांपासून नगराध्यक्षांपर्यंत. नवरा वारल्यावर मुलाकडे राहायला आल्या. सून सांगलीचीच, त्यामुळे बोलणं तिच्यामार्फत. बाईंनी फोटो बघितला न् परत दिला.

"त्या फोटोवरून काढत नाहीत, काका," सून म्हणाली. "समोर जिवंत माणूस लागतो."

माझं डोकंच फिरलं. जिवंत असते तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? पण बाई माझ्याकडेच बघत होत्या, बाजारात बैल पारखावा तशा. दंडाला धरून त्यांनी मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं.

त्यानंतर किती दुपारी आम्ही मायलेकरं तिथं गेलो, कुणास ठाऊक. रंगात घालायच्या तेलाला जवसाचा वास. आईला चटणीची आठवण यायची. ऊन भिंतीवरून सावकाश सरकायचं. आई बाजूला बसून सांगत राहायची, सून ते इंग्रजीत पोचवायची.

"कान ह्याचं घिऊ नगा, ते माज्या भावाचं. कपाळ मातूर ह्यांचंच हाय. आन् ह्ये हसलं की आदी डोळं हसायचं."

ऐकता ऐकता मला गुंगी यायची. वाटायचं, खुर्चीत वडीलच बसलेत आणि मी लांब मळ्यात उसाला पाणी पाजतोय. तिथनं त्यांचं नुसतं डोकं दिसतंय. जन्मभर आई म्हणत आली होती, तू माज्या माहेरावर गेलास, ह्यांचं काईबी घेतलं न्हाईस. मला त्याचं फार वाईट वाटायचं. त्या खुर्चीत मात्र मी खुशीत होतो.

एका दुपारी बाईंनी ब्रश पुसला आणि चित्र आमच्याकडे वळवलं. फेटा बांधलेला म्हातारा. माझ्यासारखा, पण मी नव्हे. मी असा कधी हसलोच नाही.

आई चाचपडत उठली. नाक टेकेल इतकी जवळ गेली. कपाळ बघितलं, डोळे बघितले. माझा जीव टांगणीला लागला. हेही पसंत पडलं नाही, तर पुन्हा करायला तिची नजर राहणार नव्हती.

मग ती दोन पावलं मागं सरली. खांद्यावर घसरलेला पदर तिनं डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढला आणि भुईकडे बघत उभी राहिली.

"आवं," ती चित्राला म्हणाली, "लय उशीर केलासा."